शिवेचं ढेकूळ

टाकळवाडीच्या शाळेत उत्तर दिशा कुठं आहे असं विचारलं, की अख्खी चौथी छताकडं बोट दाखवायची. पोरांचा तरी काय दोष? महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर टांगलेला, पुस्तकात लिहिलेलं की नकाशात वरच्या बाजूला उत्तर असते, आणि वर बघावं तर पत्रे. म्हणजे उत्तर पत्र्यावर. दक्षिण बसायच्या पट्ट्यांखाली. नकाशाच्या डाव्या अंगाला खिडकी होती आणि खिडकीबाहेर हापसा, त्यामुळं अर्धा वर्ग अरबी समुद्र हापशापाशीच धरून चालला होता.

बन्सी ओव्हाळ गुरुजी बदलून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांना हा साक्षात्कार झाला. आधी ते पोट धरून हसले. मग त्यांनी खिळ्यावरचा नकाशा उतरवला, पटांगणात नेऊन अंथरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि नकाशाची वरची कड भीमा नदीकडं फिरवली.

"आता बघा. नदीच्या अलीकडं आपला दौंड तालुका, पलीकडं शिरूर. उत्तर आभाळात नसती रे, नदीपल्याड असती. तिकडनं ऊस भरून ट्रॅक्टर येतो ना, तिकडं."

पोरांनी नदीकडं असं काही बघितलं, की जणू कुणी ती आत्ताच आणून ठेवली होती.

गुरुजी तसे ह्याच गावचे, आणि तसे नव्हतेही. त्यांचा आजा सटवा महार इथल्या ओढ्याकाठच्या वस्तीत जन्मला आणि तिथंच मेला. बाप भिमा मात्र बायकोला घेऊन दौंडला निघून गेला, रेल्वेच्या गँगमध्ये लागला, बाबासाहेबांच्या मागं धम्मात गेला आणि पुन्हा गावाकडं फिरकला नाही. बन्सी वाढला तो इंजिनांच्या शिट्ट्या ऐकत. शिकला, डी.एड. झाला, मास्तर झाला. बारा गावचं पाणी पिऊन झाल्यावर सत्त्याण्णव साली बदलीच्या कागदावर टाकळवाडीचं नाव आलं. त्यांनी यवतला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. रोज यवतहून जीपनं खुटबाव आणि तिथून पुढं सायकल.

म्हातारी आई, सोजरबाई, त्यांच्यापाशीच असायची. गावाचं नाव ऐकून ती म्हणाली, "तुझ्या बापाला त्या शाळंच्या पायरीखाली बसवत हुते. तू खुर्चीवर बस. नीट टेकून बस." पहिल्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री होताना ती स्वतः इस्त्रीवाल्याच्या गाड्यापाशी जाऊन उभी राहिली होती. चुणी राहिलेली तिला चालणार नव्हती.

तिसरीला जिल्हा, चौथीला राज्य, असा शाळेतला भूगोल असतो. गुरुजींचं म्हणणं असं, की ज्याला स्वतःच्या गावाची कड ठाऊक नाही त्यानं राज्याच्या कडा पाठ करणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणून एका शनिवारी सकाळी त्यांनी चौथीचा वर्ग शाळेबाहेर काढला आणि गावाच्या शिवेनं चालायला नेला.

तो शनिवार त्या पोरांनी जन्मभर जपून ठेवावा असा झाला. नदीकाठची काळी जमीन पायांना चिकटत होती. तशीच थोडी वर गेली की मुरमाड माळ लागला आणि चपला वाजायला लागल्या. गुरुजींनी एक काळा धोंडा उचलून सगळ्यांच्या हातून फिरवला. "हा लाव्हा. जमिनीतनं उकळत आला आन् गार झाला. सह्याद्री त्याचाच, रायगडचा कडा त्याचाच, आन् ह्या बांधावरचा धोंडाबी त्याचाच. सगळी एका भावकीतली मंडळी." मग नदीकडं हात करून ते सांगू लागले, की ही भीमाशंकरच्या डोंगरात उगवते, तिथून कोकणाचा समुद्र अगदी हाकेवर, तरी त्याला पाठ दाखवून ती इकडं येते आणि पार कर्नाटकात कृष्णेला मिळून पलीकडच्या समुद्राला जाते.

"जवळचा समुद्र सोडून लांबच्याला का जाती गुरुजी?" रोहननं विचारलं. बौद्ध वस्तीतलं हे पोरगं प्रश्न विचारण्यात पटाईत होतं.

"उतार तिकडं हाय म्हणून. पाणी सोय बघत न्हाई, उतार बघतं."

इतकं सगळं छान चाललेलं, आणि मारुतरावांच्या बांधावर माशी शिंकली.

मारुतराव म्हणजे गावचे बडे बागाईतदार. दोनदा सरपंच झालेले, सोसायटीचे चेअरमन. त्यांची नात सुलक्षणा ह्याच वर्गात होती. त्यांनी उसाला पाणी सोडता सोडता ही वरात पाहिली आणि मोकळेपणानं हसले. "काय गुरुजी! आज्याची गादी चालवाया लागला व्हय?"

पूर्वी शीव राखायचं आणि दाखवायचं काम महाराचं; आज्याची गादी म्हणजे ती. बोलण्यात विखार नव्हता. विखार असता तर गुरुजींनी तिथल्या तिथं परतफेड केली असती, तेवढी जीभ त्यांना होती. पण माणूस चांगल्या मनानं बोलत होता आणि म्हणूनच ते जास्त लागलं. ते नुसते हसले आणि पोरांना घेऊन पुढं गेले.

संध्याकाळी सोजरबाई दारात घेवडा निवडत बसली होती. गुरुजींनी सहज सांगावं तसं सांगितलं, की आज पोरांना शीव चालवली. म्हातारीचा हात शेंगेवरच थांबला.

"कुणी चालवली?"

"मी. भूगोल शिकवायला."

"तू त्यांची शीव चाललास?" तिनं सूप बाजूला सारलं. "म्या नवी नवरी हुते तवाची गोष्ट. नदीतल्या मळईवरनं आपल्या गावाचं आन् पल्याडच्या गावाचं जुंपलं. गाळाची जमीन ती, सोन्यावानी, दोघं बी म्हणत्यात आमची. मग कुणाला बोलावलं? तुझ्या आज्याला. शीव म्हाराला ठावं, म्हाराचं बोलणं खरं. शिवेवरचं ढेकूळ त्याच्या डोईवर ठिवलं. खोटं चाललो तर ही माती माझं कुळ खाईल, आसं वदवून घेतलं. चैताचं ऊन. म्हातारा चालतोय, आन् दोन गावं मागनं, लांबनं. सावली पडाया नको म्हनून लांबनं! त्यानं दावली तिथं शीव झाली. मळई ह्या गावाची झाली. आन् आमाला काय? सांजच्याला मागल्या दारी भाकरी. वरनं टाकलेली."

गुरुजींना आज्याची ही गोष्ट ठाऊक नव्हती. बापानं गाव सोडताना ह्या गोष्टीही तिथंच सोडल्या होत्या.

"तुझ्या बापानं गाव कशापायी सोडलं? ढेकूळ त्याच्या डोईवर येऊ नये म्हनून. आन् तू शिकून सवरून, बाबासाहेबांचा फोटू भिंतीला लावून, त्येच करतोस? लेकरं घिऊन?" तिचा आवाज फाटला. "पुन्यांदा चालायचं न्हाई. माझी आण हाय."

आईची आण. सरकारी आदेशाला एक वेळ पळवाट सापडते, आईच्या आणेला नाही. गुरुजींनी सोमवारी नकाशा परत खिळ्याला टांगला.

पुढचे काही महिने त्यांनी पुस्तकातून शिकवलं. वाईट शिकवलं असं नाही. प्रशासकीय विभाग झाले, नद्या झाल्या, पिकं झाली, पोरं घडाघडा पाठ म्हणायला लागली. पण एक दिवस त्यांनी गंमत म्हणून विचारलं, "मराठवाडा आपल्या कोणत्या बाजूला?" आणि पाच-सहा बोटं फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेली. गुरुजींना रडू यायचं बाकी राहिलं. शिकवण्याची एक रीत त्यांना सापडली होती, त्यांच्या स्वतःच्या मालकीची. ती हातातून गेली होती, आणि ती काढून घेणारी बाई जगात त्यांना सगळ्यांत जवळची होती. तिचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. आज्याच्या डोक्यावरचं ओझं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. ते भूगोल म्हणून गोड करून घे, असं तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

चौथीचं इतिहासाचं पुस्तक सुरू होतं ते शिवकाळाच्या आसपास. गुरुजी मात्र त्याच्या फार आधीपासून सांगायचे. "पल्याड शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी, इनामगाव हाय. तिथं जमीन उकरली तवा तीन हजार वर्सांच्या मागची घरं निघाली. चुली निघाल्या, रांजण निघाले, जळालेले जवाचे दाणे निघाले. महाराष्ट्रातले पहिले शेतकरी कुठं ऱ्हात हुते विचारलं तर लांब बघू नका. आपल्या शेजारी ऱ्हात हुते." हे सांगताना त्यांची छाती फुगायची आणि पोरांचीही.

रोहननं हात वर केला. "गुरुजी, त्या गावाची शीव कोण चालत हुतं?"

वर्गात कुणालाच ह्यात काही वावगं वाटलं नाही. गुरुजी मात्र खडू हातात धरून उभे राहिले. "ते मातीत दिसत न्हाई बाळा," ते म्हणाले. पण घरी जाताना सायकलवर हाच प्रश्न त्यांच्याबरोबर होता. सगळं गाव खणून काढलं, तरी कुणाच्या डोक्यावर काय होतं हे निघालं नाही. तेव्हा कुणाच्याच डोक्यावर काही नसेल, असं त्यांना उगीचच वाटून गेलं आणि बरं वाटलं.

फाल्गुन संपत आला. भीमेचं पाणी आटलं, मळई उघडी पडली. त्या वर्षी तिच्यावर वाळूही भरपूर साचली होती, आणि वाळूला तेव्हा नुकताच भाव यायला लागला होता. पलीकडच्या गावाचे ट्रॅक्टर नदीत उतरले, अलीकडचे आडवे गेले. सरकारी मोजणीसाठी अर्ज झाला होता, पण तिचा नंबर लागेपर्यंत नदीला पुन्हा पूर आला असता.

अशात एका दुपारी मारुतराव शाळेत आले. वर्गाबाहेर चपला काढल्या, हे गुरुजींनी पाहिलं. हातातल्या पिशवीत नारळ होता आणि कोरा करकरीत फेटा.

"गुरुजी, तुमास्नी एक इनंती हाय. पल्याडची मान्सं म्हन्त्यात, सटवाबा चालला तवा वाद मिटला हुता. त्याच्याच वंशाचा मानूस चालला तर आमी ऐकू. तवा..." त्यांनी फेटा बाहेर काढला. "तवा तुमी चाला. मान तुमचा हाय. सगळ्या गावादेखत फेटा बांधतो."

खोटं कशाला सांगायचं, गुरुजींना गुदगुल्या झाल्या. ज्या गावात आज्याला वरून भाकरी टाकली त्या गावात नातवाच्या डोक्याला फेटा! हो म्हणायला ओठ उघडलेही होते. पण फेट्याच्या घडीवर आणखी काय ठेवतील हे त्यांच्या डोळ्यापुढं आलं.

"आईला विचारून सांगतो," ते म्हणाले.

चेअरमनला ताटकळत ठेवून आईला विचारायला जाणारा मास्तर टाकळवाडीनं पहिल्यांदाच पाहिला.

सोजरबाईनं सगळं ऐकून घेतलं. गुरुजींनी फेट्याचं सांगितलं, पोरं पुन्हा पत्र्याकडं बोट दाखवायला लागली तेही सांगितलं आणि रोहननं काय विचारलं तेही. तिनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं.

"त्या पोरानं आसं इचारलं?"

"व्हय."

"शानं हाय." मग पदर खोचत ती म्हणाली, "म्या तुला बांधून ठिवलं, त्यात लेकरं बांधली गेली. ते बराबर न्हाई. चाल तू. पर त्यांच्या वादापायी न्हाई, शाळंपायी चाल. फेटा न्हाई, ढेकूळ न्हाई. आन् म्या येनार."

"आई, तुला झेपायचं न्हाई."

"बैलगाडी सांग."

शनिवारी सकाळी शिवेच्या दगडापाशी हे एवढं गाव गोळा झालं. नदीच्या वाळूत पलीकडचे लोक उभे. मारुतराव पिशवी घेऊन पुढं. आणि शाळेकडून आली ती चौथीची रांग, पुढं गुरुजी, मागं बैलगाडीत सोजरबाई. पांढरं स्वच्छ पातळ, पायात नव्या चपला.

"हे काय गुरुजी?" मारुतराव गोंधळले. "पोरं कशाला?"

"मारुतराव, मळई कुणाची ते मोजणीवाले सांगतील. साखळी आन् नकाशा काढायचं टेबल घिऊन येतील, त्यांचं ते कामच हाय. माझ्या आज्याला डोळ्यांनी ठावं हुतं, मला न्हाई. खोटी साक्ष मी देणार न्हाई." गुरुजींचा आवाज चढला नव्हता, पण वाळूतल्या माणसांपर्यंत पोचत होता. "माझं काम भूगोल शिकवायचं. ह्या गावाची शीव आज चौथीचा वर्ग चालणार. ज्याला यायचं त्यानं संगं यावं. मागनं लांबनं न्हाई, संगं."

कुजबुज झाली. पलीकडून कुणीतरी हसलं. मारुतरावांचा चेहरा पडला. मनाचा मोठेपणा करून आणलेला फेटा असा पिशवीतच राहावा, हे त्यांना सोसवेना. तेवढ्यात त्यांची नात सुलक्षणा रांगेतून बाहेर आली.

पोर चुणचुणीत होती. घरात महिनाभर हीच चर्चा ऐकत होती, आणि शीव कशी चालतात हे आजोबांनी तिला रंगवून सांगितलेलं होतं. शिवेच्या दगडाजवळचं चांगलं मोठं ढेकूळ तिनं दोन्ही हातांनी उचललं, डोक्यावर ठेवलं आणि मान ताठ करून उभी राहिली. केसांतून माती ओघळली. "चला गुरुजी, मी पुढं!"

मारुतरावांच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. "सुले! ठेव ते खाली! आपल्या घरातलं—" पुढचा शब्द त्यांनी गिळला. पण गिळलेला शब्दही सगळ्यांना ऐकू गेला. आपल्या घरातलं लेकरू ढेकूळ घेत नाही. मग ते कुणाच्या घरातल्यानं घ्यायचं?

बैलगाडीतून सोजरबाई उतरली. हळूहळू चालत पोरीपाशी गेली, आणि गावाचा जीव टांगणीला लागला. म्हातारी हिशेब चुकता करणार असंच सगळ्यांना वाटलं. तिनं दोन्ही हातांनी ते ढेकूळ पोरीच्या डोक्यावरून उचलून घेतलं, पदरानं तिचे केस झटकले आणि कपाळावरची माती पुसली.

"डोईवर न्हाई घ्यायचं गं बाय. कुनीच न्हाई घ्यायचं."

"का आजी? शीव तशीच चालत्यात."

"डोईवर ढेकूळ आसलं का मान वळत न्हाई. पडंल म्हनून मानूस निस्तं म्होरं बघतो. माझा सासरा ही आख्खी शीव चालला, पर त्याला गाव दिसलं न्हाई बघ." तिनं ढेकूळ पोरीच्या ओंजळीत दिलं. "हातात घे. आता मान फिरीव. काय काय दिसतंय सांग."

सुलक्षणानं मान फिरवली. "उत्तरेला नदी," ती म्हणाली. "पल्याड शिरूर तालुका."

"मंग?"

"तिकडं पूर्व. भीमा तिकडं जाती, उतार हाय म्हणून." मग रोहननं दक्षिण सांगितली, यवतचा हायवे सांगितला, आणि बाकीच्यांना कुठला धीर! सगळा वर्ग एकदम सांगायला लागला. पश्चिमेला सह्याद्री, दिसत नाही पण आहे. हे ढेकूळ त्याच्याच दगडाची माती, नदीनं वाहून आणलेली. पलीकडं घोडनदी, तिथं पहिले शेतकरी राहत होते. एकाही पोराचं बोट आभाळाकडं गेलं नाही. गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला, कारण त्यांना समोरचं नीट दिसेना. असा अभिमान त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशीही वाटला नव्हता.

रांग निघाली. पोरं ते ढेकूळ एकमेकांच्या ओंजळीत देत चालली होती, आणि गाव त्यांच्याबरोबर, जरा अवघडत का होईना, चालू लागलं. मारुतराव म्हातारीच्या शेजारी आले. फेट्याची पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "आक्का, झाल्यावर आमच्या घरी चा प्याया या."

"यीन की," सोजरबाई म्हणाली. "म्होरल्या दारानं यीन."

"म्होरल्याच दारानं," मारुतराव म्हणाले.

मोजणी पुढं रीतसर झाली, मळईत खुंट रोवले गेले, आणि ज्यांना कुरकुर करायची त्यांनी ती केली. टाकळवाडीच्या चौथीनं मात्र तेव्हापासून दर फाल्गुनात शीव चालायचा पायंडा पाडला. गुरुजी सेवानिवृत्त झाले तरी तो चालू राहिला.

त्या दिवशी माळावरच्या उंचवट्यापाशी सोजरबाई थांबली. गाडीत बस म्हटलं तर बसेना. तिथून सगळं दिसत होतं. नदी, ऊस, शाळेचे पत्रे, ओढ्याकाठची वस्ती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मान फिरवत राहिली.

"काय बघतीस आई?" गुरुजींनी विचारलं.

"दम धर जरा," ती म्हणाली. "सासऱ्याचं बघायचं ऱ्हायलंय, ते बघून घेते."